लाभ, दोन, तीन

१

नंबर सुचला तेव्हा चैताली सिटी बसमध्ये उभी होती. जवळ कागद नव्हता. तिनं डबा काखेत मारला, तिकीट खांबावर दाबून धरलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: १९९९२८५०१. मग इतक्या मोठ्यानं "जमलं!" म्हणाली की शेजारच्या बाईनं आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

चार आकडे वर्षाचे, तीन दिवसाचे, दोन घाण्याचे. त्या दिवशी बारा ऑक्टोबर होता, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णव सालातला दोनशे पंच्याऐंशीवा दिवस. त्या दिवशी भाजलेला पहिला घाणा ०१, पुढचा ०२. बस्स. नऊ आकड्यांत सगळं आलं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी वर्षाला दोनच आकडे ठेवले होते आणि आता एकतीस डिसेंबरला काय होईल म्हणून त्यांची पाचावर धारण बसली होती. चैतालीच्या नंबरला सन दोन हजारची भीती नव्हती.

ती काम करायची ती संस्था सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथं आठ बाया नागली, म्हणजे नाचणी, भाजायच्या, दळायच्या, गूळ-शेंगदाणे घालून पाव-पाव किलोची पाकिटं भरायच्या. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या बाजूला बेचाळीस पाडे होते, बेचाळीस बालवाड्या होत्या, आणि तिथल्या मुलांचं दुपारचं खाणं म्हणजे ही पाकिटं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका पाड्यावर बुरशीचं पीठ गेलं आणि पाच मुलं दवाखान्यात पोचली. तो घाणा कुठला, आणखी कुठं कुठं गेला, कुणालाच सांगता येईना. मग बेचाळीस पाड्यांवरची सगळी पाकिटं गोळा करून खड्ड्यात पुरली. चांगलीसुद्धा. तीन आठवडे एकाही बालवाडीत खाऊ नव्हता.

चैताली तेव्हा कॉलेजतर्फे मदतीला आली होती. त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं जे ठरवलं, त्यापायी तिनं बी.एस्सी. कंप्युटर झाल्यावर पुण्याची नोकरी नाकारली. प्रत्येक पाकिटाला नाव-गाव पाहिजे. कुठल्या दिवशी जन्मलं, कुठं गेलं, कुणी खाल्लं. एकही पाकीट बेवारस राहता कामा नये.

२

जुनी वही यादवकाकांकडे होती. काका शेडचे व्यवस्थापक. चष्मा कपाळावर, आणि तो शोधायला दोन्ही हात टेबलावर.

"काका, हे काय? रोज पहिल्या ओळीत नुसतं 'लाभ' लिहिलंय. नंबर नाही, वजन नाही, गाव नाही. आणि खाली एकदम दोन. एक कुठं गेला?"

"एक नसतोच. लाभ असतो."

"म्हणजे?"

"अगं, खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. तुमच्या घरी कधी शेत नव्हतं वाटतं?"

"आमच्या घरी कॉलनीतल्या दोन खोल्या होत्या, काका."

काका हसले. चैताली बाहेर जाऊन बघत राहिली. भरणीच्या टेबलाच्या टोकाला पुतळाबाई बसायची. हरसूलच्या पलीकडची, साठीची, बोटांना पीठ नाही असा क्षण नाही. सकाळचं पहिलं पीठ आलं की ती दोन किलोचं माप भरायची, वरून पट्टी फिरवून सपाट करायची. खर्र. "लाभ." ते माप घेऊन उठायची आणि मागच्या खोलीतल्या झाकणाच्या डब्यात ओतून यायची. मग पुन्हा खर्र. "दोन." हे मात्र पाकिटांत.

"आणि त्या डब्यातलं पीठ?"

"संध्याकाळी डबा रिकामा असतो," काका म्हणाले.

"म्हणजे बाया नेतात. नेऊ देत ना, हक्कच आहे त्यांचा! पण लिहायला काय हरकत आहे?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "बाया नेतात असं मी म्हटलं नाही. मी विचारलेलंच नाही. बावीस वर्षं झाली."

चहाच्या वेळी तिला आणखी एक गोष्ट दिसली. टपरीवर सांगायला पुतळाबाई बोटानं माणसं मोजत होती. बोट आधी मागच्या खोलीच्या दाराकडे गेलं. "लाभ." मग स्वतःच्या छातीवर. "दोन." मग एकेक बाई. "नऊ चहा सांग गं."

बाया आठ होत्या. नववा कप मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला गेला. थोड्या वेळानं चैताली तिकडून गेली तेव्हा तो रिकामा होता.

मांजर असेल, ती मनाशी म्हणाली. चहा पिणारं मांजर तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण एमआयडीसीतल्या मांजरांबद्दल तिला खात्रीनं काय सांगता येणार होतं?

३

घरी वडिलांची शिकवण सरळ होती: कारण विचारायचं, आणि कारण नसेल तर ती गोष्ट पाळायची नाही. चैतालीनं कारण विचारलं.

"मावशी, लाभाला नंबर का नाही द्यायचा?"

पुतळाबाई पीठ सारत राहिली. "आमी नाय देत."

"पण का?"

"नंबर दिला का त्याचं ठिकाण व्हतं. ज्याचं ठिकाण नाय, ते येतं आन जातं. बरं असतं ते."

"बरं कसं असेल? मावशी, न लिहिलेलं पीठ म्हणजे काय, तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे का? गेल्या वर्षी काय झालं?"

हे बोलू नये ते बोलली ती. त्या पाच मुलांत पुतळाबाईची नात होती. पुतळाबाईनं माप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, बराच वेळ पुसले. मग म्हणाली, "तू शिकली हायेस. कर तुला काय करायचं ते."

आणि चैतालीनं केलं. तिनं आठ दिवस डेटाबेस बांधला, तहानभूक विसरून. दर घाण्याला नंबर. दर नंबरापुढे गाव. गावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढं जाताच येणार नाही. कंप्युटर टुक् करून सांगणार: 'गाव रिकामे ठेवता येणार नाही.' हे वाक्य तिनं स्वतः लिहिलं आणि त्याच्यावर भयंकर खूश झाली. लिहिलेली नोंद पुसायची सोयही तिनं ठेवली नाही. वहीतली पानं फाटतात, माणसं खाडाखोड करतात. डेटाबेसमधून काही बेपत्ता होणार नव्हतं.

लाभाचं माप हाच आता दिवसाचा पहिला घाणा, ०१. त्याला गाव कुठलं? बायांना रोज टाइप करायला नको, म्हणून तिनं रकान्यात आधीच एक आकडा भरून ठेवला: १. यादीतलं पहिलं गाव, हरसूलच्या पुढं टेम्पो पहिला थांबतो तो कुड्याचा पाडा. दोन किलो, आठ पाकिटं, रोज त्यांना जास्तीची. अकरा मुलं होती तिथं. खाऊ देत की पोटभर!

डबा तिनं घासून घेतला आणि त्यात लेबलांची रिळं ठेवली.

४

पंचवीस ऑक्टोबर, सोमवार. प्रिंटर किरकिरला आणि पहिलं लेबल बाहेर आलं: १९९९२९८०१. चैतालीच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. पुतळाबाईनं त्या पाकिटाला लेबल लावायला हात पुढं केला नाही, तेव्हा चैतालीनं स्वतः आठही लावली. "लाभ" असं कुणी म्हटलं नाही. माप सपाट केल्याचा तेवढा आवाज झाला.

पहिले पंधरा दिवस ती जमिनीवर नव्हती. घरी जेवताना आईला नंबर समजावून सांगायची. आई म्हणायची, "ते राहू दे. आशा जानेवारीत येणार बाळंतपणाला. तुझा पुस्तकांचा पसारा आवर आधी." आशा म्हणजे तिची थोरली बहीण, मनमाडला दिलेली. चैताली "हो हो" म्हणायची आणि ताटात बोटानं आकडे काढायची.

दिवाळीनंतर टेम्पोवाला हिरामण एक पोतं घेऊन ऑफिसात आला.

"ताई, कुड्याच्या पाड्याचा माल माघारी आलाय. पोरं खात नाहीत म्हणं."

"आजारी आहेत?"

"नाय ओ. जेवलो म्हणत्यात. बाई वाढायला जाते, तर जेवलो म्हणत्यात."

पोत्यात बहुतेक पाकिटं जशीच्या तशी भरलेली होती. पण काही उचलताना चैतालीचा हात उगाच वर गेला. वजनच नव्हतं. शिवण पक्की, लेबल जागेवर, कुठं भोक नाही. तिनं एक कापून उघडलं. आतला कागद आतून पुसून काढल्यासारखा स्वच्छ होता.

तिनं भराभर लेबलं बघितली. सगळी रिकामी पाकिटं ०१ ची. फक्त ०१ ची.

खरं तर इथं माणसानं थबकावं. पण चैतालीनं टाळीच वाजवली. "काका, बघा! नंबर नसता तर कळलं असतं? एका मिनिटात सापडलं! पहिल्या घाण्याच्या भरणीत दोष आहे, दुसरं काही नाही."

काकांनी ते कापलेलं पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि पटकन खाली ठेवलं. "हे मी भरताना बघितलंय गं," ते म्हणाले. "भरलेलं होतं."

५

मग स्नेहलची चिठ्ठी आली. कुड्याच्या पाड्याची बालवाडी ती चालवायची. चैतालीच्याच वयाची, अक्षर मोत्यासारखं. तिनं मुलांची वजनं लिहिली होती. दर पंधरा दिवसांनी ती प्रत्येक मुलाला झोळीच्या काट्याला टांगायची.

चैतालीनं आकडे कंप्युटरमध्ये भरले. कमळी: अकरा किलो दोनशे, दहा किलो सहाशे, नऊ किलो नऊशे. बाकीचे दहाही तसेच. एकाचंही वजन वाढलेलं नव्हतं. शेजारच्या पाड्यांवरची मुलं चांगली गुटगुटीत होत होती.

जंत असतील. काटा बिघडला असेल. स्नेहलचं वाचायला चुकत असेल. चैतालीनं तिन्ही कारणं कागदावर लिहिली आणि एकेक खोडत गेली. दहा पाड्यांवर तेच जंताचं औषध गेलं होतं. काटा गेल्याच महिन्यात तपासला होता. आणि इतकं नेटकं अक्षर काढणारी मुलगी अकराच्या अकरा वेळा चुकणार नव्हती.

घसरण सुरू झाली ती तारीख मात्र तिला शोधावी लागली नाही. दिवस दोनशे अठ्ठ्याण्णव.

चिठ्ठीच्या शेवटी स्नेहलनं लिहिलं होतं: 'ताई, एकदा दुपारी बाराच्या आत या. बारा वाजता बघायला पाहिजे.'

६

ती हिरामणच्या टेम्पोत बसून गेली. त्र्यंबकचं वळण मागं पडलं, हरसूल गेलं. भाताची कापणी उरकली होती, खळी सारवलेली होती, ऊन लख्ख. हिरामण गाणं लावायचा, बंद करायचा.

"काय झालं, दादा?"

"या रस्त्याला गाडी जड चालते, ताई. हल्ली. कुड्याच्या पाड्यापर्यंतच. माल उतरवला का हलकी."

"टायर बघून घ्या."

"बघितलं ना."

बालवाडी म्हणजे एक कौलारू खोली. स्नेहल बाहेरच उभी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि चैतालीला खिडकीशी नेलं.

आत अकरा मुलं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसली होती. पुढं ताटल्या होत्या आणि त्या रिकाम्या होत्या. स्नेहलनं अजून काहीच वाढलेलं नव्हतं. मुलं शांत होती. तीन-चार वर्षांची अकरा मुलं जितकी शांत कधीच नसतात, तितकी.

खर्र.

चैतालीनं हा आवाज शंभरदा ऐकला होता. मापावरून पट्टी फिरते तो. खोलीत माप नव्हतं.

मुलांनी तोंडं उघडली. सगळ्यांनी, एकदम, चोची उघडाव्यात तशी. मग मिटली आणि ती चावू लागली. गालफडं हलत होती, गळे गिळत होते. पुन्हा खर्र. पुन्हा तोंडं उघडली. आणि सगळ्यांचे डोळे दाराजवळच्या कोपऱ्याकडे लागले होते. ज्याच्याकडून घास घ्यायचा त्याच्या चेहऱ्याकडे मूल बघतं, तसे.

त्या कोपऱ्यात काही नव्हतं. फक्त तिथली सारवलेली जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा अंमळ खाली दबलेली होती, रोज कुणी एकाच जागी बसावं तशी.

पाच मिनिटांत संपलं. मुलं उठली, खेळू लागली. चैताली आत गेली. तिला विचारायचंच होतं. तिनं कमळीला मांडीवर घेतलं. पोरगी हातात काहीच लागत नव्हती.

"कमळे, तुला मोजता येतं? किती जणं आहात तुम्ही? मोजून दाखव."

कमळी खुशीत उठली. बोट आधी दाराजवळच्या कोपऱ्याकडे गेलं.

"लाभ," ती म्हणाली. मग स्वतःच्या पोटावर. "दोन." मग एकेकाकडे. "तीन. चार."

ती बारापर्यंत मोजून थांबली आणि शाबासकीसाठी वर बघू लागली.

७

"काय आहे ते, मावशी?"

"मला काय ठावं?" पुतळाबाई म्हणाली. "आमी कंदी विचारलं नाय. देत व्हतो. खाऊन जात व्हतं. कुटं जायचं, कुनाला ठावं. आता तू पत्ता दिला."

चैतालीनं रिळं काढून फेकली, डबा जागेवर ठेवला, स्वतः माप भरून ओतलं. "लाभ," म्हणाली. संध्याकाळी झाकण उघडलं तर पीठ तसंच होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा डबा भरलेला राहिला.

मग ती कंप्युटरशी बसली. नोंद पुसायची सोय नव्हती. पण तिनंच बांधलेलं घर, मागचं दार तिला माहीत होतं. तिनं ०१ च्या सगळ्या नोंदी पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं तर त्या जागेवर होत्या. शिवाय आजचीही होती. गाव: १. नोंदीची वेळ सहा वाजून दहा मिनिटं. शेडचं कुलूप आठला उघडलं होतं आणि किल्ली चैतालीच्याच पर्समध्ये होती.

तिनं गावाचा आकडा खोडला आणि रकाना रिकामा सोडला. टुक्. 'गाव रिकामे ठेवता येणार नाही.' ती अट तिनं काढून टाकली, पुन्हा सोडला. टुक्.

म्हणजे आकडा खोडून दुसरा टाकता येणार होता. रिकामं ठेवता येत नव्हतं.

तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. बेचाळीस गावं. प्रत्येकापुढं मुलांची संख्या तिनंच भरलेली. चौदा, नऊ, एकवीस. लहान मूल नाही असं एकही ठिकाण नव्हतं. तशी यादीच होती ती.

आणि मग तिला सुचलं. बसमध्ये सुचलं होतं तसंच, लख्खकन. यादीत भर तर घालता येते! तिनं त्रेचाळीसावी ओळ उघडली. मुलं वाचावीत म्हणून खड्ड्याच्या काठावर जे ठरवलं होतं, ते आता खरंच करता येत होतं. पत्ता: तिचं घर, कॉलनी, सातपूर. माणसं: तीन. आई, वडील, ती. मुलं: शून्य.

०१ पुढं तिनं ४३ टाकलं. कंप्युटरनं मुकाट्यानं घेतलं.

८

चौथ्या दिवशी स्नेहलनं हरसूलहून फोन केला. ती ओरडत होती. "ताई, भांडतायत! खाण्यासाठी भांडतायत! कमळीनं दोन ताटल्या चाटून पुसल्या!" मागं हरसूलच्या बाजाराचा गलका ऐकू येत होता. चैताली फोन हातात धरून ऑफिसात नाचली. काकांना वाटलं, हिचं लग्न ठरलं.

घरी भाकरी उरू लागली. वडील अर्धं ताट सारून म्हणायचे, "पोट भरल्यासारखं आहे गं." आईचं तेच. चैताली रोज भरणीच्या मोठ्या काट्यावर उभी राहायची आणि वजन टिपून ठेवायची. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस. तीन मोठी माणसं आहेत. सोसेल. पुढं बघू. दुपारी बारा वाजता आपलं तोंड आपोआप हलतं, हे तिला कळत होतं. चव मात्र लागत नव्हती.

एक जानेवारीला सगळ्या जगानं श्वास रोखला आणि सातपूरच्या शेडमध्ये प्रिंटर किरकिरला: २०००००१०१. एकही आकडा चुकला नाही. बायांना पेढे वाटले तिनं.

दुसऱ्या रविवारी ती दुपारी घरात शिरली तर उंबऱ्यात अनोळखी चपला होत्या. आशा भिंतीला टेकून बसली होती, आठव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांत धरून. समोर ताट, त्यातल्या भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"ये गं. केवढी वाळलीस! आई, ही खाते की नाही काही?" आणि मग, "मलाही आज इथं आल्यापासून भूकच नाही. सगळं जेवण झाल्यासारखं वाटतंय."

चैताली दारातच उभी राहिली. आई कितीदा म्हणाली होती. जानेवारीत येणार, जानेवारीत येणार. तिनं लिहिलं होतं: मुलं शून्य.

"इकडं ये ना," आशानं तिचा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ कसं करतंय. लाथ नाही ही. सकाळपर्यंत असं नव्हतं. बघ, थांबून थांबून."

तळहाताखाली, कातडीच्या आत, काहीतरी उघडलं आणि मिटलं. मग थांबलं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून, जिथं कुणी नव्हतं तिथून, खर्र असा आवाज आला, आणि ते पुन्हा उघडलं.

९

ती सातपूरच्या रस्त्यानं धावत गेली. रविवारची वसाहत ओस होती. मशीन सुरू व्हायला लागतात ती दोन मिनिटं तिला युगासारखी गेली.

गाव: ४३. खोडलं. कर्सर लुकलुकत राहिला. वर बेचाळीस नावं होती. कुठलंही टाक. एक टाक, कुड्याचा पाडा टाक, आशाचं बाळ वाचेल. बोट एकच्या कळीवर गेलं. कमळीनं दोन ताटल्या चाटून पुसल्या होत्या. तिनं बोट काढून घेतलं आणि रकाना रिकामाच सोडला.

टुक्. 'गाव रिकामे ठेवता येणार नाही.'

"हो, हो! कळलं!" ती कंप्युटरवर ओरडली.

मग तिनं त्रेचाळीसावी ओळ उघडली. घर खोडलं. कॉलनी खोडली. सातपूर खोडलं. पत्त्याच्या जागी एकच शब्द लिहिला: चैताली. माणसं: एक. आणि पुन्हा ४३ टाकलं.

त्या दिवसापासून ती घरी राहायला गेली नाही. संस्थेचं काम वाढलंय असं आईला कळवलं आणि ऑफिसातच वळकटी टाकली. आई भांडली, वडील दोनदा येऊन गेले. चैताली त्यांच्याशी शेडच्या फाटकाबाहेर उभं राहून बोलली आणि पंधरा मिनिटांत आत गेली.

फेब्रुवारीत आशाला मुलगी झाली. आईचा फोन आला. "नुसती भुकेनं कोकलतेय गं! दर तासाला! ऐक!" आणि तिनं रिसीव्हर बाळापाशी धरला. चैतालीनं इतकं सुंदर रडणं कधीच ऐकलं नव्हतं. ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. काट्यावर तेव्हा ती एकोणचाळीस किलो होती.

डोळे पुसून ती बाहेर आली. चहाची वेळ झाली होती. पुतळाबाई टपरीवर सांगायला माणसं मोजणार होती. तिनं बोट उचललं. ते मागच्या खोलीच्या दाराकडे वळलं नाही. ते सावकाश फिरत आलं आणि चैतालीवर थांबलं.

पुतळाबाईनं मान खाली घातली.

"लाभ," ती म्हणाली. मग स्वतःच्या छातीला बोट टेकवलं. "दोन." मग एकेक बाई. आठवीवर येऊन थांबली. "नऊ."

नऊ चहा आले. कप आणि माणसं पहिल्यांदाच बरोबर जुळली, आणि त्याही क्षणी चैतालीला त्याचा आनंद झाला. तिनं आपला कप उचलला. तो रिकामा होता, आणि तिला तहान नव्हती.